चौकटीबाहेरचं परळ

खानदेशात पक्ष्यांना परसात बोलवायचं असेल तर दाणे नंतर, आधी पाणी. पाखरांचे फोटो काढणारी हौशी मंडळी भेटली की गप्पा दाण्यांवरच रंगतात. मुनियेला राळा, पोपटाला सूर्यफुलाचं बी, डबा असा टांगा नि तसा टांगा. ते खोटं नाही. पण आमच्या धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पांझरा नदी नुसते दगडगोटे दाखवते, आणि भर दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून कडुनिंबात बसून असतो. पक्ष्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता ते चोच उघडून, धापा टाकत बाहेर काढतात, आणि त्यात अंगातलं पाणी खर्ची पडतं. दाणा काय, वाळल्या गवतातही टिपता येतो. पाणी कुठून टिपणार?

म्हणून माझ्या सगळ्या सरंजामात पहिला मान कुंभाराकडच्या मातीच्या परळाचा. ते उथळ हवं. दोन बोटं पाणी पुरे. त्याहून खोल असलं की लहान पाखरू काठावरून डोकावतं आणि निघून जातं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे पाय रोवून आंघोळ करता येते. प्लास्टिकच्या घमेल्याच्या काठावर नखं धरत नाहीत, आणि त्यातलं पाणी दहा वाजेपर्यंत हात घालवत नाही इतकं तापतं. रोज सकाळी परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, जुनं पाणी जास्वंदीला ओतायचं, नवं भरायचं. यात आळस चालत नाही. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि हिच्या पाखरांपायी गल्लीत डेंगी आला असं कुणी म्हणायला नको.

जागाही विचार करून ठरवावी लागते. परळ झुडपाला चिकटून ठेवलं तर आतमध्ये बोका दबा धरून बसतो. अगदी उघड्यावर ठेवलं तर शिक्रा वरून झडप घालतो. आमच्याकडे ते जास्वंदीपासून सहा-सात फुटांवर आहे. मांजर निघालं तर दिसावं आणि शिक्रा आला तर झुडपात घुसता यावं, एवढा तो हिशेब. शिक्रा आला की पाखरं कळवतात. एकदम सगळं परस गप्प होतं.

पाण्यावर यायचेही प्रत्येकाचे रिवाज आहेत. सातभाई येतात ते लग्नाच्या वऱ्हाडासारखे, सगळे एकदम, आल्याबरोबर तक्रारी करत. ते असेपर्यंत दुसऱ्या कुणाची छाती होत नाही. मग साळुंक्या. होला लांबवर उतरतो आणि तिथून चालत येतो, मान हलवत, जणू सहजच इकडून चालला होता. बुलबुल थेट परळावर कधीच येत नाही. आधी शेजारच्या फांदीवर बसून चारी दिशा बघून घेतो.

पिण्याची तऱ्हा तर बघत बसावी अशी. होला आणि पारवा चोच पाण्यात बुडवतात आणि मान वर न करता घटाघट ओढून घेतात. बुलबुलाला ते जमत नाही. तो चोचभर पाणी उचलतो, मान आभाळाकडे करतो आणि गिळतो. त्या वर जाणाऱ्या मानेबरोबर चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबतो. शेंडी किंचित पिंजारलेली असते, डोळ्यात कडुनिंबाच्या फटीतलं ऊन चमकतं, आणि शेपटीखालचा तो लाल डाग पाण्यात उलटा दिसतो. थेंब तुटायच्या आत फोटो हवा. शटर एक हजारांश सेकंदाहून सावकाश ठेवलं की थेंबाची रेघ होते.

आता दाण्यांचं. दादर ज्वारी आमच्या घरात असतेच, पण ती परळाशेजारी नुसती टाकली की तासाभरात पारवे उतरतात, आणि पारवे एकदा राहायला आले की उठत नाहीत. म्हणून बाजरीची चार कणसं बांधून तारेला टांगायची. चिमण्या नि पांढऱ्या कंठाच्या मुनिया कणसाला उलट्यासुलट्या लटकून खातात. पारव्याचं वजन तिथे पेलत नाही. बुलबुल, कोकीळ यांना पपईची फोड नाहीतर जास्त पिकलेलं केळं. खानदेशात केळ्याला तोटा नाही. काळं पडलेलं फुकटही मिळतं. मात्र उरलेली शेव, फरसाण पाखरांना घालू नये. मीठ-मसाला त्यांच्या इवल्या शरीराला झेपत नाही. आपल्याकडे प्रेम म्हणजे शेव, हे मला कळतं, पण ते प्रेम आपल्या ताटात ठेवावं.

फोटोचा खरा खेळ ना पाण्यात ना दाण्यात. तो फांदीत आहे. परळापासून हातभर अंतरावर बाभळीची एक वाळकी फांदी मातीच्या कुंडीत रोवून ठेवली, की खाली उतरण्याआधी पाखरू तिथे टेकतंच. फांदी बोटाएवढी जाड, जरा तिरकी. फार जाड असली तर पाय दिसत नाहीत, फार बारीक असली तर वाऱ्यानं झुलते. पाठीमागचं जेवढं दूर, तेवढं ते फोटोत विरघळतं. आमची मागची भिंत चुन्याची, पांढरीफटक. फोटोत नुसती डोळ्यांवर येते. तिथे नर्सरीवाल्यांकडचं हिरवं शेडनेट सोडलं आणि परसाचं एका दिवसात रान झालं. सकाळचं ऊन माझ्या पाठीशी येईल अशा बाजूला ओट्याची खिडकी आहे. तिला जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्याला भिंग जाईल एवढी फट, आणि आत मी, एका हातात कणकेचं पीठ. कॅमेऱ्यावर दशमीचे डाग आहेत.

शिंजीराला, फुलातला मध पिणाऱ्या त्या इवल्या पाखराला, मात्र यातलं काहीच नको. साखरेचं पाणी टांगणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. उन्हात ते आंबतं आणि त्यावर बुरशी धरते. त्याच्यासाठी हॅमेलिया लावावी, लाल-केशरी नळ्यांसारखी फुलं बारा महिने येतात. विणीच्या दिवसांत नर काळा दिसतो, म्हणजे काळाच दिसतो असं बऱ्याच जणांना वाटतं. ऊन आपल्या पाठीमागून त्याच्यावर पडलं की त्याच काळ्यातून जांभळा नि निळा उसळतो. ऊन त्याच्या पाठीमागे असलं की कोळशाचा तुकडा. विणीनंतर तो मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. घरट्याजवळ मी कॅमेरा नेत नाही, आणि मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावतही नाही. पाण्यासाठी आलेला पाहुणा वेगळा, आणि आपल्या हद्दीत कोण घुसला म्हणून भांडायला धावत आलेला वेगळा.

भांडण तसंही फुकट बघायला मिळतं. विणीच्या काळात बुलबुल आमच्या ह्यांच्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःलाच बघतो आणि सकाळभर त्या परक्या नराला चोची मारत बसतो. दमून मरेल बिचारा, म्हणून आरशांना आता जुने मोजे घातलेत. मोटारसायकल मोजे घालून उभी असते, गल्लीतली पोरं हसतात.

शेजारच्या जिजींना या सगळ्याचं फार नवल वाटतं. कुंपणावरून त्या विचारतात, "काय करी ऱ्हायनी व माय? एक चिडीना फोटोकरता इतला येळ?" त्यांच्या दारात सकाळी भाकरीचा कुस्करा टाकला की पन्नास चिमण्या येतात आणि त्या एकीचाही फोटो त्यांना नकोय.

पण मला आणखी एक गोष्ट खटकत राहते. माझ्या फोटोतला बुलबुल रानात बसलेला दिसतो. फांदी वाळकी, मागे हिरवं धूसर काहीतरी, ऊन कोवळं. चौकटीच्या जरासं खाली परळ आहे, डावीकडे दोरीवर टॉवेल वाळतोय, मागचं रान म्हणजे शेडनेट. पक्षी शंभर टक्के खरा. जागा मात्र मी रचलेली. लोक विचारतात, लळिंगच्या जंगलातला का? आणि हो म्हणून टाकायला काहीच लागत नाही.

खानदेशानं हा खेळ एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. रानपिंगळा नावाचं घुबड. ए. ओ. ह्यूम या ब्रिटिश पक्षी अभ्यासकानं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो कुणाला दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या एका बड्या संग्राहकाकडे मात्र एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला अशा चिठ्ठीसकट. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षी अभ्यासकांनी तो तपासला तेव्हा कळलं, की तो डेव्हिडसननंच पेंढा भरलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला, खोटी चिठ्ठी बांधलेला. पक्षी खराच होता. चिठ्ठीनं मात्र शोधणाऱ्यांना भलत्याच ठिकाणी पाठवलं. खरा पत्ता धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शहाद्याकडे आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रानपिंगळा त्यांच्यासमोर उघड्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. शहादा आमच्या धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे यावलच्या अभयारण्यातही तो असल्याचं कळलं.

माझ्या बुलबुलाच्या खोट्या पत्त्यानं कुणाची वाट चुकणार नाही, हे खरंय. तो सगळ्या गावभर आहे. तरी आता फोटोखाली मी लिहिते: लालबुड्या बुलबुल, देवपूर, धुळे, परसात पाण्यावर बोलावलेला. आणि अधूनमधून चौकट मुद्दाम मोठी ठेवते, परळाचा काठ येऊ देते. फोटोचा देखणेपणा जरा कमी होतो, स्पर्धेला तो चालत नाही. पुण्याच्या भाच्याला असाच एक पाठवला, तर त्याचा लगेच फोन: "मावशी, कोपऱ्यात ते निळं काय आलंय? काढून टाकू का?"

बादली आहे, म्हटलं. राहू दे. सातभाई आधी तिच्या काठावर बसतात, मगच परळाकडे येतात.