तुम्ही विचारलंत म्हणून: बेरजेत घातांक सारखे का करायचे?

हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि दरवेळी तितकाच आवडतो. मोठ्या संख्या आपण ३ × १०^५ अशा दहाच्या घातात लिहितो; त्यातला वरचा ५ हा घातांक. अशा संख्यांच्या गुणाकारात घातांक मिळवले की काम भागतं, मग बेरजेत ते आधी सारखे का करून घ्यायचे?

कारण इथे घातांक स्थानिक किंमत सांगतो. उभी मांडणी करताना आपण एककाखाली एकक, दशकाखाली दशक लिहितोच ना? तेच इथे. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ५.९७२ × १०^२४ किलो, चंद्राचं ७.३४६ × १०^२२ किलो. नुसते पुढचे आकडे पाहिले तर चंद्रच जड वाटेल! त्याचा घातांक दोनने वाढवायचा, म्हणजे दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे: ०.०७३४६ × १०^२४. आता बेरीज ६.०४५४६. पृथ्वीचा आकडा दशांशानंतर तीन स्थळांपर्यंतच घेतलाय, तेव्हा उत्तरही तिथवरच: ६.०४५ × १०^२४. काही जण घातांकही मिळवून १०^४६ लिहितात. एवढं वस्तुमान आपल्या अख्ख्या आकाशगंगेचंही नाही.

नियम इतकाच. माझा जीव रमतो तो याच्या पुढे. सूर्यात पृथ्वी मिळवून बघा. सूर्य १.९८९ × १०^३० किलो, आणि त्याच घातांकात पृथ्वी ०.०००००५९७२. उत्तर पुन्हा १.९८९! समुद्र, डोंगर, आपण सगळे धरून पृथ्वी उत्तरात दिसतच नाही. गुरू मात्र (१.८९८ × १०^२७) दिसतो: १.९९१. म्हणून घातांकांतला फरक आधी बघा. तो सार्थ अंकांच्या (म्हणजे आकड्यातल्या भरवशाच्या अंकांच्या; १.९८९ मध्ये चार) संख्येहून जास्त असेल, तर बेरीज न करताच उत्तर कळतं.

संगणकालाही हे चुकत नाही. तोही दशांश संख्या अशाच, आकडे आणि घातांक वेगळे ठेवून साठवतो; याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत साधारण १५-१६ अंक मावतात. तिथे १०^१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर १०^१६च येतं. असा एकेक करून कोटी वेळा मिळवलात, तरी आकडा जागचा हलत नाही. तेच कोटी एक आधी आपसांत मिळवून मग त्या मोठ्या संख्येत घातले, तर सगळेच्या सगळे मोजले जातात. गट कसेही पाडले तरी बेरीज तीच, हा शाळेतला नियम इथे टिकत नाही. म्हणून धन संख्यांची लांबलचक यादी असेल, तर मी लहान संख्यांपासून सुरुवात करायला सांगते.