लेकीचा उजवा हात आणि ग्राहक आयोगातल्या तारखा

बाळंतपणात डोकं बाहेर आलं, खांदा अडकला आणि ओढाताणीत लेकीच्या मानेजवळच्या नसांना इजा झाली. याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात, हे दुसऱ्या दवाखान्यात कळलं. जिथं बाळंतपण झालं तिथं ‘दुपट्यात दाबला असेल, मालिश करा’ म्हणून घरी पाठवलं होतं. हात कोपरात ताठ, आत वळलेला, तळवा मागे. उचलायला गेली की नुसता खांदा उडायचा.

आमच्या वकीलबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “ताई, हात लुळा पडला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं आयोग धरत नाही.” डोकंच फिरलं माझं. पण खरं आहे. सगळं नीट करूनही कधी कधी ही इजा होते. डॉक्टरांनी त्या वेळी काय केलं, हे दाखवावं लागतं.

त्यामुळे आधी कागद. लेखी मागणी केली की ७२ तासांत केसपेपरची नक्कल द्यावी लागते, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. तोंडी विचारलं तेव्हा ‘मॅडम आल्या की बघू’ चाललं होतं. रजिस्टर पोस्टानं अर्ज गेला आणि झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन बसू नका, त्यात काही नसतं.

गठ्ठ्यात काय होतं? सातव्या महिन्यात माझी शुगर वाढलेली, जन्मवजन ४.२ किलो, म्हणजे बाळ मोठं असणार याची चाहूल होती. कळा कशा पुढे सरकल्या ते भरायचा पार्टोग्राफ कोरा. बाळंतपणाची नोंद एका ओळीत: ‘नॉर्मल डिलिव्हरी, बाळ रडले.’ खांदा अडकला तर आईचे पाय पोटाकडे दुमडायचे, ओटीपोटावर खालच्या बाजूला दाब द्यायचा, मान ओढायची नाही. यातलं काय केलं, याबद्दल एक अक्षर नाही. आमची सगळी केस त्या ओळीवर उभी राहिली.

पोलिसांत जा, असं नातेवाइकांपैकी निम्मे म्हणत होते. उरलेले म्हणत, डॉक्टरशी वैर कशाला. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि त्यातून लेकीच्या उपचाराचा खर्च निघणार नव्हता. मेडिकल कौन्सिल डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करतं, भरपाई देत नाही. राहिला जिल्हा ग्राहक आयोग. सुप्रीम कोर्टाच्याच १९९५ च्या शांता निकालानं पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्यात आले. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ही वाट नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. आणि तक्रारीची फी किती भरपाई मागता यावर नाही, दवाखान्याला किती पैसे मोजले त्यावर ठरते; पाच लाखांच्या आत असेल तर शून्य. यंत्रमागावर काम करणाऱ्या घराला हे कळणंच मोठं होतं.

खरी अडचण तज्ज्ञाची. सोलापुरात तोंडी सगळे ‘चूकच झाली’ म्हणायचे, लिहून द्यायची वेळ आली की फोन उचलायचे नाहीत. रोज एकमेकांकडे पेशंट पाठवायचे असतात त्यांना. शेवटी आम्ही अर्ज केला आणि आयोगानं कागद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवले. तोवर नुसत्या तारखा. आमच्या ह्यांचा त्या दिवसाचा पगार बुडायचा तो वेगळाच.

डॉक्टरांच्या शपथपत्रात ‘सर्व योग्य उपाय केले’ असं होतं. आम्ही लेखी प्रश्न दिला: मग ते केसपेपरवर कुठं आहेत? उत्तर आलं, घाईत लिहायचं राहिलं. समितीनंही अहवालात नोंदी नसल्यावरच बोट ठेवलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालाचा आधार घेऊन लेकीची भरपाई वेगळी आणि आम्हा आईबापांच्या मनस्तापाची वेगळी धरली. तिची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत. दवाखान्यानं राज्य आयोगात अपील केलंय. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती त्यांनी भरली.

पुण्यात नसांची शस्त्रक्रिया झाल्यावर कोपर वाकतं, हात डोक्यापर्यंत मात्र जात नाही. फिजिओथेरपीच्या पावत्या मी अजून तारीखवार लावून ठेवते. अपिलात त्यांचा सगळा जोर पुढचा खर्च नाकारण्यावर आहे.