मागच्या खोलीचं शिलाईचं वर्कशॉप केलं, माझा अनुभव

मी साताऱ्यात घरीच ब्लाउज शिवते. आधी साधे कटोरी आणि प्रिन्सेस, मग आरी वर्क (फ्रेमवर कापड ताणून हुकाच्या सुईने करायचं भरतकाम) सुरू केलं आणि काम वाढतच गेलं. हे सगळं चालायचं हॉलच्या कोपऱ्यात. लग्नसराईत ब्लाउजचा ढीग सोफ्यावर, पाहुणे आले की तोच ढीग बेडवर, झोपायच्या वेळी परत सोफ्यावर. ट्रायल घ्यायला गिऱ्हाईक बाई आमच्या बेडरूममधे जाणार, तेवढा वेळ आमचे हे बाहेर अंगणात उभे. शेवटी २०२४ मधे ठरवलं की मागची अडगळीची खोली, दहा बाय बारा असेल, ती मोकळी करून तिथेच सगळं हलवायचं.

पहिला प्रश्न कधी करायचं हा. तुळशीच्या लग्नापासून मेपर्यंत आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, जूननंतर साताऱ्याचा पाऊस, आणि नवरात्र-दिवाळीच्या ऑर्डरी वेगळ्याच. मग राहिला पितृपक्ष. त्यात कोणी नवीन कपडे शिवायला टाकत नाही म्हणजे मी मोकळी, आणि गंमत म्हणजे मिस्त्रीपण मोकळा, कारण कोणी नवीन कामच काढत नाही, एरवी तारखा देऊन न येणारा माणूस सकाळी नऊला दारात हजर. सासूबाई मात्र ऐकेनात, पंधरवड्यात घराला हातोडा लावायचा नाही म्हणजे नाही. म्हणलं आई, सुरुवात आधी करूया मग तर चालेल ना? तर अनंत चतुर्दशीला सकाळी गणपती हलवायच्या आधी नारळ फोडला, मिस्त्रीने दोन विटा काढल्या, झाली सुरुवात. आई खूश, मीपण खूश.

सगळ्यात शहाणपणाचा खर्च कुठला म्हणाल तर वेगळं दार. खोलीला बोळाच्या बाजूला खिडकी होती, तिथेच दार काढलं. खिडकीवर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी पट्टी, आधीपासून असतं, त्यामुळे त्याच रुंदीत खालची भिंत तेवढी उतरवायची, वर काही तोडायचं नाही, नवीन लिंटेल नाही, काम एकदम स्वस्तात होतं. तिथला उजेड जाऊ नये म्हणून दाराच्या वरच्या अर्ध्यात जाळी आणि काच घेतली. आता गिऱ्हाईक बोळातून येतं, बोळातून जातं, घरात कोण जेवतंय कोण झोपलंय कुणाला कळत नाही. मिस्त्री आधी छताला पीओपी करा म्हणून मागे लागला होता, मी सरळ नाही म्हणलं, छताकडे बघत कोण ब्लाउज शिवतं.

डोकं खाल्लं ते भिंतीने. पलीकडे बाथरूम, त्यामुळे खालच्या तीनेक फुटात कायमची ओल. अडगळ ठेवायची तेव्हा काही वाटलं नाही, पण लोकांच्या पैठण्या आणि सिल्कचे पीस तिथे ठेवायचे म्हणजे एक बुरशीचा डाग पडला तरी माझी भरपाई किती! बाथरूमच्या बाजूने फरशीच्या सांधी आणि नहाणीचा कोपरा नीट करून घेतला, मग आतला प्लास्टर विटेपर्यंत काढून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मिसळून नवीन केला. मिस्त्रीला लगेच पुट्टी मारून मोकळं व्हायचं होतं पण सप्टेंबरची हवा, भिंत कुठली वाळतेय, ओल्यावर पुट्टी मारली की पापुद्रे सुटतात हे आमच्याच हॉलमधे बघितलंय. पंखा लावून ठेवला, रंगाचं काम पुढे ढकललं, आणि कपाट तरीही त्या भिंतीला टेकवलेलं नाही, मागे चार बोटं जागा सोडलीये.

रंगाच्या आधी वायरिंग. वायरमनला नुसतं चार पॉइंट काढा सांगितलं तर तो खोलीच्या चार कोपऱ्यात चार पॉइंट काढून देतो, म्हणून मी जमिनीवर खडूने मशीन, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन), कटिंग टेबल, आरीची फ्रेम सगळ्यांच्या जागा आखल्या आणि मगच त्याला बोलावलं. इस्त्रीला वेगळा १६ अँपियरचा पॉइंट, त्याला ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), शिवाय पूर्ण खोलीला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). बाटलीवाली स्टीम इस्त्री असेल तर बाटली टांगायला टेबलाच्या चार-पाच फूट वर हूक लागतो तो पण तेव्हाच ठोकून घ्या, नंतर रंग झाल्यावर ड्रिल मारताना जीवावर येतं.

लाईटचं जरा सविस्तर सांगते कारण याच्यावर कोणी बोलत नाही. साध्या पांढऱ्या ट्यूबखाली मरून आणि वाईन कलरचा दोरा एकसारखाच दिसतो, आणि गिऱ्हाईक बाई उन्हात नेऊन बघतात. दुकानात वॅट बघून लाईट देतात, तुम्ही सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, विचारा, ९० च्या वर असलेलाच घ्या. आपल्या पाठीमागे लाईट लावू नका, आपलीच सावली सुईवर पडते.

कटिंग टेबल सुताराकडून. कापडाचा पन्हा ४४ इंच असतो म्हणून रुंदी चार फूट, लांबी सहा, उंची ३५ इंच, माझ्या कोपराच्या जरा खाली. तो डायनिंगसारखा ३० इंचाचा करायला निघाला होता, त्यावर दिवसभर वाकून कापलं की कंबर गेलीच. खाली अस्तराच्या थानांसाठी कप्पे. कोपऱ्यात पडदा आणि मोठा आरसा, झाली ट्रायल रूम.

पैसे म्हणाल तर खोलीला दीड लाखाच्या आसपास गेले, ते भिशी आणि साठवलेल्यातून. मशीनला पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांच्या योजनेचं कर्ज घेतलं, त्यात शिंपीकाम येतं, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याज, दीड वर्षात फेडायचं, ट्रेनिंगबरोबर अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर वेगळं. घरातल्या एकालाच मिळतं आणि सरकारी नोकरी असलेल्या घराला नाही. उद्यमची (छोट्या व्यवसायाची सरकारी) नोंदणी आधारवर ऑनलाईन होते, एक रुपया लागत नाही, तरी एका एजंटने माझ्याकडे दोन हजार मागितले होते. शॉप अॅक्टचं (दुकान-व्यवसायाच्या नोंदणीचं) पण सोपं, मी केलं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसतं ऑनलाईन कळवायचं होतं.

आता मीटर. शेजारच्या काकूंनी घाबरवलं होतं की कमर्शियल मीटर घ्यावं लागणार. तसं नाहीये. महावितरणच्या दरपत्रकातच आहे, घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि महिन्याला ३०० युनिटपर्यंत, आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० पर्यंत वापर असेल तर घरगुतीच दर लागतो. पण ते ३०० घराचं धरून, फ्रिज-गिझर सगळं त्यातच. म्हणून मी मशीनला क्लच मोटर न घेता सर्वो घेतली. क्लच मोटर स्विच चालू असेपर्यंत फिरतच राहते, शिवा नाहीतर फोनवर बोलत बसा, सर्वो पायडल दाबलं की चालते. आणि घुं घुं आवाज बंद झाला, आईंना दुपारची झोप लागते.

एसीची वायर भिंतीत टाकून ठेवलीये, पण एसी लावला तर उन्हाळ्यात ३०० नक्की ओलांडणार, त्यामुळे सध्या कुलरच, तो पण दारात, टेबलापासून लांब, कारण ओलसर हवेत आरीच्या फ्रेमवरचं कापड ढिलं पडतं.