बारा गुणांचं राज्यशास्त्र

दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ पेपरात ४० पैकी १२ गुण राज्यशास्त्राचे. प्रश्न ६ ते ९, पाठ फक्त पाच. एवढंसंच आहे म्हणून मुलं ते आदल्या रात्रीवर ढकलतात आणि मग सातव्या प्रश्नात अडकतात.

सातवा प्रश्न म्हणजे ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’. कोणतीही दोन विधानं, ४ गुण. इथे ‘बरोबर’ लिहून तेच विधान वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिणारे पुष्कळ. ते कारण होत नाही. समजा विधान आहे, ‘महानगरपालिकेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो.’ उत्तर: चूक. कारण, भारताच्या निवडणूक आयोगाकडे संसद, विधिमंडळ, राष्ट्रपती व उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुका असतात. ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक शासनसंस्थांच्या निवडणुका स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या. निकाल एका शब्दात, मग नियम, मग तो नियम या विधानाला कसा लागतो ते. तीन-चार ओळींत काम होतं. पानभर लिहिलंत तरी गुण दोनच.

संकल्पनांमध्ये जोड्यांचा घोळ होतो. मध्यावधी निवडणूक आणि पोटनिवडणूक एकच समजू नका. सरकारने मुदतीआधीच बहुमत गमावलं, पर्यायी सरकारही बनेना आणि सभागृह विसर्जित झालं, की होते ती मध्यावधी. एखाद्या सदस्याचा राजीनामा किंवा निधन यामुळे एकच जागा रिकामी झाली, की तेवढ्या मतदारसंघात होते ती पोटनिवडणूक. अशा जोड्या वहीच्या एका पानावर समोरासमोर लिहून ठेवा.

महिला आरक्षणाचा आकडाही असाच फसवतो. स्थानिक शासनसंस्थांमध्ये संविधानाने किमान एक तृतीयांश जागा सांगितल्या, महाराष्ट्राने २०११मध्ये ते प्रमाण ५० टक्के केलं. प्रश्नात ‘महाराष्ट्रात’ हा शब्द आहे का, ते आधी बघा. घाईत तोच नजरेतून सुटतो.

राजकीय पक्षांच्या पाठात आणखी एक गंमत. एप्रिल २०२३मध्ये निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष यांची राष्ट्रीय पक्ष म्हणून असलेली मान्यता काढली आणि आम आदमी पक्षाला दिली. पाठ्यपुस्तक २०१८चं, त्यामुळे बातम्यांतली यादी आणि पुस्तकातली यादी जुळणार नाही. परीक्षेपुरतं पुस्तक धरा. मान्यतेचे निकष मात्र नीट समजून घ्या, म्हणजे ही उलथापालथ का झाली तेही कळेल: चार किंवा अधिक राज्यांत किमान ६ टक्के मतं आणि लोकसभेच्या किमान ४ जागा, हा त्यातला एक.

कृतीत निवडणुकीचा ओघतक्ता आला तर क्रम चुकतो तो बहुधा मधेच. अर्ज भरणे, छाननी, मग माघार. छाननीत बाद झालेला अर्ज मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही, हे ध्यानात ठेवलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हानं हे दोन पाठ वाचायला सोपे, पण उत्तरं मोघम होतात. ‘ग्राहकांना संरक्षण मिळाले’ यापेक्षा ‘१९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला’ असं लिहा. प्रत्येक चळवळीला एक कायदा किंवा एक मागणी जोडून ठेवली की पुरे.

वेळेचं गणित सोपं आहे. १२० मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणामागे ३ मिनिटं आणि राज्यशास्त्राला ३६. इतिहासाची दीर्घोत्तरं हा वेळ खातात. ज्यांचं तसं होतं त्यांनी प्रश्न ६ ते ९ आधी सोडवून टाकावेत, फक्त प्रश्नक्रमांक ठळक घालावा.