इश्यू म्हंजे लेकरं

३४ वर्षं मी सोलापुरात इंग्रजी शिकवलं. त्यामुळं हे लिहायची लाज वाटते, पण राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेच.

माझ्या काकांनी लग्न केलं नव्हतं. गिरणीतल्या कारकुनीच्या पगारातून त्यांनी एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. कागदी. ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली. काका गेले तेव्हा ना नॉमिनी होता, ना मृत्युपत्र. शेअर वारसांच्या नावावर करायचे, तर मृत्यूचा दाखला, पॅन, आधार हे सगळं महिनाभरात उरकलं. वारस ठरवताना मात्र घरात कुरबूर झाली. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलं, आई-वडील यांपैकी कुणी नसलं की भावाबहिणींचा नंबर लागतो, आणि ते हयात असताना आधी वारलेल्या भावाच्या मुलाला काही मिळत नाही. म्हणजे माझे बाबा आणि अक्कलकोटची आत्या. बार्शीचा चुलतभाऊ त्यावरून महिनाभर बोलत नव्हता. "काकांनी मला नॉमिनी केलं असतं तर?" हे त्याचं पालुपद. तरी उपयोग नव्हता. कंपनी कायद्यात शेअर नॉमिनीकडं 'व्हेस्ट' होतात असा शब्द होता, त्याचा अर्थ 'मालकी मिळते' असा लावून लोक वर्षानुवर्षं भांडले. डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो.

रक्कम ५ लाखांच्या आत होती, म्हणून कोर्टातून उत्तराधिकार दाखला काढावा लागला नाही. प्रतिज्ञापत्रावर भागणार होतं. शेअरचं काम बघणाऱ्या कचेरीनं इंग्रजी नमुना पाठवला. त्यात काका 'इंटेस्टेट' वारले असं होतं, म्हणजे मृत्युपत्र न करता. टायपिस्टनं ते 'इंटरस्टेट' केलं. काका आंतरराज्य वारले! कर्नाटकाची हद्द जवळ आहे हे खरं, पण काका शहरातल्याच 'जुळे सोलापूर' भागातल्या घरात, पलंगावर गेले. ही चूक मी पकडली आणि टायपिस्टला चांगलं सुनावलं. ते आठवलं की आता कानकोंडं होतं.

आत्याला इंग्रजी येत नाही. न कळणाऱ्या कागदावर तिची सही घेणं मला पटेना, म्हणून नमुन्याचं मराठी मीच केलं. नोटरीपुढं त्यावर सह्या झाल्या आणि सोबत माझं इंग्रजी भाषांतर जोडलं. नमुन्यात एक ओळ होती, की मयताच्या मागं विधवा नाही आणि 'इश्यू' नाही. मी लिहिलं, 'विधवा नाही व कोणताही वाद नाही.' इंग्रजीत 'डिस्प्यूट'.

पाच आठवड्यांनी कागद परत. शेरा एका ओळीचा: मयताचा इश्यू जाहीर केलेला नाही.

कसला इश्यू? फोन केला. पलीकडच्या पोरानं तीच ओळ वाचून दाखवली. "मॅडम, इश्यू डिक्लेअर करा." मी म्हटलं, अहो, इश्यू नाहीच आहे. "मग तसं लिहा." लिहिलंच आहे की! "नाही मॅडम, लिहिलेलं नाही." असं पाऊण तास. दुसरं प्रतिज्ञापत्र केलं, आणखी घट्ट: वारसांमध्ये वाद, तंटा, तक्रार, हरकत काहीही नाही. पुन्हा ५०० रुपयांचा स्टँप. (ऑक्टोबर २०२४पर्यंत हेच काम १००त व्हायचं.) पुन्हा नोटरीचे पैसे. पुन्हा आत्या भर उन्हात अक्कलकोटहून. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट आहे, पण ऊन काही फुकट सोसत नाही. हाही कागद परत आला. तीच ओळ, या वेळी खाली लाल रेघ. मी रागानं पत्र लिहिलं की कृपया नसलेले इश्यू उकरून काढू नयेत. त्याला उत्तरच नाही.

शेवटी कोर्टाच्या आवारात त्याच टायपिस्टकडं गेले. त्यानं शेरा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि चष्मा काढून हसला. "ओ बाई, इश्यू म्हंजे लेकरं की! लेकरंबाळं नाहीत असं लिवा."

घरी येऊन शब्दकोश उघडला. होतं. माझ्याच कोशात, मी शिकवताना कधी गेले नव्हते इतक्या खाली: अपत्य, संतती. मूळ लॅटिन, अर्थ बाहेर पडणं, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. मासिकाचा अंक बाहेर पडतो, तोही इश्यू. वंशातून मूल येतं, तेही इश्यू. आणि गंमत म्हणजे त्याच आवारात दिवाणी दाव्यात न्यायाधीश 'इश्यू' काढतात, तेव्हा त्याचा अर्थ वादाचे मुद्दे. म्हणजे मी अगदीच चुकले होते असं नाही. पण त्या पोराला एकदा तरी 'मुलं' म्हणता आलं नसतं का? बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं.

ओळखीच्या शब्दांनाच घाबरा. 'इंटेस्टेट' हा शब्द माणूस कोशात शोधतो, 'इश्यू' शोधत नाही. 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त सही करून पुरा करणं, फाशी नव्हे. 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला. अर्जातली 'प्रेयर' म्हणजे मागणी. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आधी बघा, मी नंतर बघितला. क्षतिपूर्ती बंधात, म्हणजे नुकसान झालं तर भरून देऊ असं लिहून देण्याच्या कागदात, 'जॉइंटली अँड सेव्हरली' दिसलं तर थांबा: उद्या काही निघालं तर सगळे पैसे दोघांतल्या कुणाही एकाकडून वसूल होऊ शकतात. हे आत्याला सहीआधी नीट सांगितलं. हो, आणि डीमॅट खातं (कागदाऐवजी संगणकावर शेअर ठेवायचं) आधीच उघडून ठेवा, आमचे त्यात आणखी तीन आठवडे गेले.

तिसऱ्या सहीला आत्या आली तेव्हा तिला काय झालं ते सांगितलं. तिनं कागद हातात घेऊन ती ओळ सावकाश वाचली. 'मयतास विधवा अथवा अपत्य नाही.' मग म्हणाली, "एवढंच होय? हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."