मागितलं एक चॅट, निघालं अख्खं आयुष्य

मोबाईल फॉरेन्सिक्समध्ये, म्हणजे तपासासाठी फोनमधला डेटा बाहेर काढायचं काम करतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, लॉक तोडता येतं का? २०१६ मध्ये एका लॉक असलेल्या आयफोनवरून ॲपल आणि एफबीआयचं वाजलं होतं ते अजून डोक्यात असतं. दहा चुकीच्या पासकोडनंतर डेटा पुसला जाऊ नये असं सॉफ्टवेअर द्या असा कोर्टाचा आदेश, ॲपलचा नकार, शेवटी एफबीआयने तो आयफोन तिसऱ्याच कुणाकडून उघडून घेतला. पण माझ्या डोक्यातून जी केस जात नाहीये तिच्यात तोडायला लॉकच नव्हतं.

फोन तक्रारदार बाईंचा. आरोपीचा नाही. धमक्या येत होत्या म्हणून त्यांनी स्वतःहून फोन दिला, पासकोड दिला, संमतीपत्रावर सही केली. त्यात छापलेलं असतं ‘उपकरणातील सर्व माहिती’. घाबरलेल्या माणसाला काय कळणार सर्व म्हणजे किती.

धमक्यांचे अर्धे मेसेज त्यांनी भीतीपोटी डिलीट केलेले. मेसेज फोनमध्ये एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतो, डिलीट केला तरी बऱ्याचदा लगेच पुसला जात नाही, ती जागा नुसती रिकामी म्हणून नोंदली जाते आणि वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. डेटा काढायच्या टूलने (सॉफ्टवेअरने) अर्धवट तुकडे दिले, मग मी फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये बसून एकेक तुकडा जुळवला, टाइमस्टॅम्प, म्हणजे मेसेजच्या तारखा-वेळा, हाताने ताडून पाहिले. काम चोख झालं, कोर्टात टिकेल असं.

पण त्याच रिकाम्या जागांमधून त्यांचं डॉक्टरांशी झालेलं बोलणंही वर आलं. तेही त्यांनी डिलीटच केलं होतं. आमच्या टूलमध्ये तारखा निवडता येतात, पण रिपोर्ट काढताना. फोनमधून उचलताना ते सगळंच उचलतं.

मी रिपोर्ट फक्त धमक्यांचा दिला. तपास अधिकाऱ्यांचा फोन आला, “अहो सगळंच द्या ना, बघतो आम्ही.” बाई आधी आरोपीशी कशा बोलायच्या, अजून कुणाकुणाशी बोलायच्या, हे बघायचं होतं. म्हटलं साहेब, कारणासकट लेखी पाठवा. अधिकारी माणूस वाईट नाही, कामाखाली दबलेला आहे, पण हाताशी आहे म्हणून बघायचं ही सवयच लागलीय सगळ्यांना.

पत्र आलं. ‘तपासाच्या दृष्टीने आवश्यक’, एवढंच कारण. वरिष्ठांनी ते न वाचल्यासारखी सही केली आणि पूर्ण डेटा तपास अधिकाऱ्यांकडे गेला. उद्या आरोपीच्या वकिलाने प्रत मागितली तर धमक्या देणाऱ्याच्याच हातात त्या बाईंचं सगळं जाईल, हे बाईंना कुणी सांगितलेलं नाही. धमक्यांशी संबंध नसलेला भाग वेगळा सीलबंद ठेवा अशी लेखी नोंद मी फाइलला लावलीय. उत्तर अजून आलेलं नाही.