केंब्रिजमधलं नेटवर्क आणि आजीचं नाचणीचं सत्त्व

मागच्या रविवारी आत्याला फोनवर सांगितलं की हल्ली मी इथल्या युनिव्हर्सिटीतल्या एका रिसर्च नेटवर्कमध्ये आहे, तर ती म्हणाली, "अगो, तिकडे पण नेटवर्कचाच प्रॉब्लेम?" तिचं काही चुकलं नाही म्हणा, आमच्या चिपळूणकडच्या गावात अजून रेंजसाठी देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं. मग तिला अर्धा तास समजावलं आणि शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे जमून चहा पिता." तर हो, साधारण तसंच. पण त्या चहात काय काय होतं ते लिहायचंय म्हणून ही पोस्ट.

बाहेरून बघणाऱ्याला केंब्रिज म्हणजे एक युनिव्हर्सिटी वाटते, आत आलं की कळतं ही शंभर वाड्यांची वस्ती आहे. प्रत्येक डिपार्टमेंट वेगळं, त्यावर ३१ कॉलेजं वेगळी, आणि प्रत्येकाचा आपला आपला जिना, आपलं कॉफी मशीन, आपले जुने रुसवेफुगवे. मी वनस्पतीशास्त्रातली, नाचणीवर काम करते, आणि पहिलं वर्षभर मी माझ्या लॅबच्या दोन मजल्यांपलीकडे कोणाला ओळखतच नव्हते. दोन मिनिटांवर कोणीतरी ॲनिमियावर काम करतंय, नदीपलीकडे सिजविक साइटवर, म्हणजे मानव्यशाखांच्या इमारतींत, कोणीतरी भारतातल्या शेतीचा इतिहास लिहितंय, आणि आम्ही तिघं एकाच दुकानात भाजी घेतो पण एकमेकांचा पत्ता नाही.

हे वाडे जोडायला म्हणून नेटवर्कं. मानव्यशाखांसाठी इथे क्रॅश नावाचं सेंटर आहे (नाव ऐकून मीपण हसले होते, इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती), २००१ पासूनचं. तिथे दरवर्षी अर्ज मागवतात, वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांनी एकत्र येऊन एक प्रश्न मांडायचा, निवड झाली की थोडेफार पैसे, एक खोली आणि टर्म चालू असताना दर पंधरा दिवसांनी बैठक. पीएचडीची पोरंसुद्धा चालवू शकतात. विषयांच्या दुसऱ्या टोकाला, गावाच्या मध्यात डेव्हिड ॲटनबरो (निसर्गावरच्या माहितीपटांचे ते) बिल्डिंग आहे, जिथे युनिव्हर्सिटीचे लोक आणि निसर्गसंवर्धनाच्या संस्था एका छताखाली बसवल्यात. २०१६ ला तिचं उद्घाटन झालं तेव्हा ॲटनबरो साहेब वयाच्या ८९ व्या वर्षी दोरीवरून त्या हिरव्या भिंतीला लटकत खाली उतरले होते! खालीच प्राणिशास्त्राचं म्युझियम आहे, दारात अख्ख्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते कारण फुकट आहे.

आमचा गट यांच्या मानाने अगदीच चिल्लर, आठ-दहा जण, विषय भरडधान्य. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भारतानेच तो प्रस्ताव यूएनमध्ये नेला होता, त्यानंतर सगळ्यांना अचानक बाजरी-नाचणी आठवायला लागली, त्यातलाच प्रकार.

पहिल्या बैठकीतला माझा पोपट सांगते. मी ग्राफ लावला, नाचणीच्या वेगवेगळ्या वाणांच्या दाण्यात लोह किती ते. पोषणवाल्या बाईंनी विचारलं सॅम्पल किती, मी ऐटीत म्हटलं बारा. त्यांचा चेहरा पडला. समाजशास्त्रातला एक मुलगा तर वहीत काहीतरी खोडायलाच लागला. मग वीस मिनिटं आम्ही भांडलो, म्हणजे इथल्या पद्धतीने, फार नम्रपणे, "मला वाटतं कदाचित" वगैरे लावून, आणि तेव्हा कुठे कळलं की माझं सॅम्पल म्हणजे दाण्याचं वाण, त्यांचं सॅम्पल म्हणजे रक्ताची बाटली, आणि त्याचं सॅम्पल म्हणजे सर्व्हेतली घरं. बारा घरांवरून मी अख्ख्या कोकणाबद्दल बोलतेय असं त्याला वाटत होतं! वीस मिनिटं वाया गेली असं तेव्हा वाटलं, पण नंतर लक्षात आलं की एकाच डिपार्टमेंटमध्ये बसलं की हे भांडण कधी होतच नाही, कारण तिथे सगळ्यांना शब्द आधीच माहीत असतात.

मग त्या बाईंनी खरा प्रश्न विचारला. दाण्यात लोह आहे ते ठीक, पण रक्तात किती जातं? आता हे मला पुस्तकात माहीत होतं. नाचणीत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं, सोडत नाही, त्यात भर तांबड्या सालीतल्या टॅनिनची, तेही लोह अडवतं. पण माझ्या ग्राफात ते कुठेच नव्हतं कारण आमच्या लॅबमध्ये दाणा दळला, जाळला, लोह मोजलं की काम संपतं. माणूस तो दाणा खाणार कसा हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

आणि तिथे बसल्या बसल्या मला आजी आठवली. रात्री नाचणी भिजत घालायची, सकाळी उपसून पातळ धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची, मोड आले की सावलीत सुपात पसरायची, मग दळून वस्त्रगाळ करायची. आम्ही घाई केली की म्हणायची, "मोड आल्याशिवाय अंगाला लागत नाही गो." मी हे सांगितलं, आणि अंगाला लागणं याचं इंग्रजी करताना माझी पार दमछाक झाली. खाल्लेलं पोटात जाणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं, असं काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, आम्ही यासाठी लांबलचक शब्द वापरतो, तुमचा बरा आहे. मोड आले की दाण्यातलं फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं, ते फायटेट फोडतं, लोह मोकळं होतं. आजीला फायटेज माहीत नव्हतं, मला माहीत होतं, पण तिने ते मला लहानपणी सांगितलेलं आणि माझ्या डोक्यात ते दोन वेगळ्या कप्प्यांत पडून होतं, एक घरचा एक लॅबचा.

समाजशास्त्रवाल्याने मग शांतपणे विचारलं, हे सगळं करायला वेळ किती लागतो आणि करतं कोण? तीन-चार दिवस, आणि आजी. नंतर आई. मी नाही. यावर कोणीच काही बोललं नाही, मीपण चहा ओतून घेतला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, लोहावर बैठक आणि वर चहा, चहानेसुद्धा लोह कमी शोषलं जातं बरं का.

वेगवेगळ्या विषयवाल्यांनी एकत्र बसून चहा पिण्याचं म्हणाल तर या गावात त्याला इतिहास आहे. १९५९ मध्ये इथल्याच सेनेट हाउसमध्ये सी. पी. स्नो या वैज्ञानिक-कादंबरीकाराने ते गाजलेलं भाषण दिलं, की विज्ञानवाले आणि साहित्यवाले दोन वेगळ्या संस्कृतींत राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. आणि तिकडे मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञांनी १९६२ ला रेण्वीय जीवशास्त्राची नवी प्रयोगशाळा उघडली तेव्हा वरच्या मजल्यावर कँटीन काढलं, ते कँटीन त्यांच्या बायकोने, गिझेला यांनी, वीसेक वर्षं चालवलं. फिजिक्सवाला, केमिस्ट्रीवाला, जीवशास्त्रवाला सगळे एकाच टेबलावर. त्या प्रयोगशाळेची नोबेल मोजताना लोक त्या कँटीनचं नाव हमखास घेतात. मला विचाराल तर भाषणापेक्षा कँटीनने जास्त काम केलं, पण मी खाण्याच्या बाजूनेच बोलणार.

सगळं गोड आहे असंही नाही. भारतातल्या हरितक्रांतीचं पुढे काय, यावर केंब्रिजचा टायगरेस नावाचा मोठा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला, पिकं, पाणी, पोषण, बायकांचा रोजगार, सगळं एकत्र, भारतातल्या संस्थांना धरून. पैसा ब्रिटिश सरकारच्या परदेशी मदतीतला. मग सरकारने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि २०२१ मध्ये अशा संशोधनाच्या एकूण तिजोरीत १२ कोटी पौंडांचा खड्डा पडला. अशा वेळी एका विषयाची लॅब कशीबशी तगते, तिला बिल्डिंग असते, प्रोफेसर असतो. नेटवर्कला काय असतं? एक मेलिंग लिस्ट आणि एक कोऑर्डिनेटर, जिची नोकरी ग्रँटबरोबर संपते. खोली बुक करणं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं हे ओळखणं, रुसलेल्या प्रोफेसरला परत आणणं हे सगळं तीच करते आणि पेपरवर तिचं नाव नसतं. लग्नघरात एक काकू असतात बघा, त्या नसल्या तर वरात निघत नाही, तशी.

आणि नोकरीच्या मुलाखतीत शेवटी विचारतात, तुम्ही नक्की कुठल्या विषयाच्या?

असो. सध्या आमच्या किचनमधल्या रेडिएटरला एक पुरचुंडी बांधलीये. इथल्या थंडीत मोड यायला चार दिवस लागतात, आमच्याकडे दीड दिवसात येतात. माझी घरमैत्रीण मध्ययुगीन हस्तलिखितांवर पीएचडी करते, ती वास घेत आली, मला वाटलं आता तक्रार, तर म्हणाली बार्लीचं असंच करून आमचे मठवाले बिअर बनवायचे, किती दिवस भिजवतेस? आता गुरुवारच्या बैठकीला तीपण येतेय. मी सत्त्वाची खीर नेणारेय, आणि चहा बंद, लोहासाठी लिंबू चांगलं म्हणून लिंबू सरबत ठेवायचं ठरलंय. बाहेर चार डिग्री आहे.